वाफ की पाणी, आधी ते सांगा

या वेळच्या टपालातली चार पत्रं एकाच आकड्यापाशी येऊन भेटतात, हायड्रोजन जळून पाणी तयार होताना किती ऊर्जा निघते त्या आकड्यापाशी. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तरं देईन.

*प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. आमच्या पुस्तकात पाण्याची एन्थाल्पी ऑफ फॉर्मेशन उणे २८६ किलोज्यूल दिली आहे. मी बॉन्ड एन्थाल्पी वापरून तेच गणित केलं तर उत्तर उणे २४२ येतं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच येतं. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं की बॉन्ड एन्थाल्पीची गणितं अंदाजेच असतात, एवढा फरक चालतो. खरंच चालतो का? आणि आधी सगळे बॉन्ड तोडायला इतकी ऊर्जा लागत असेल, तर एका ठिणगीने हायड्रोजनचा भडका कसा उडतो?*
*— बारावीची विद्यार्थिनी, कराड*

नाही गं, एवढा फरक चालत नाही. तुझ्या गणितातही चूक नाही. तू पाण्याचं नाही, पाण्याच्या वाफेचं गणित केलंस, आणि ते अगदी बरोबर आलं.

इतर वाचकांसाठी ते गणित इथे मांडते. मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या. एन्थाल्पी ऑफ फॉर्मेशन म्हणजे मोलभर पदार्थ त्याच्या घटकांपासून तयार होतानाचा ऊर्जेचा हिशेब, उणे चिन्ह असलं की ऊर्जा बाहेर पडते. बॉन्ड एन्थाल्पी म्हणजे अणूंमधला बंध तोडायला लागणारी ऊर्जा. एक मोल हायड्रोजन, म्हणजे दोन ग्रॅम. त्यातला प्रत्येक रेणू तोडून सुटे अणू करायचे तर ४३६ किलोज्यूल खर्च येतो. त्याच्या जोडीला अर्धा मोल ऑक्सिजन, म्हणजे सोळा ग्रॅम. तो तोडायला २४९. एकूण खर्च ६८५. आता हेच सुटे अणू पाण्याच्या रेणूंत जुळतात. प्रत्येक रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन बंध. मोलभर रेणूंमधले हे सगळे बंध जुळताना ९२७ किलोज्यूल बाहेर पडतात. ९२७ मधून ६८५ वजा केले की उरतात २४२. अठरा ग्रॅम वाफ तयार होताना जगाला मिळणारी ऊर्जा ती एवढी. बंध तुटताना ऊर्जा मिळते असं कितीतरी मुलं बोलून जातात, जीवशास्त्राच्या तासाला तर हमखास. तुटण्याला नेहमी खर्चच पडतो, मिळकत जुळण्यात असते. हे एकदा पक्कं झालं की रसायनशास्त्रातली निम्मी भीती जाते.

मग ४४ कुठे गेले? बंधांच्या ऊर्जेचा तक्ता पाहा. त्यातला प्रत्येक आकडा वायुरूपातल्या, एकमेकांपासून दूर असलेल्या रेणूंचा असतो. रेणूच्या शेजारी कोण आहे हे त्या तक्त्याला ठाऊकच नसतं. पाण्याच्या बाबतीत तर शेजारी फार महत्त्वाचा. वाफेचे रेणू जवळ आले की एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, आणि असे ओढले गेलेले रेणू द्रवभर एकमेकांना धरून राहतात. या धरण्यातूनही ऊर्जा बाहेर पडते. २५ अंश सेल्सिअसला ती मोलमागे ४४ किलोज्यूल असते. २४२ अधिक ४४, झाले २८६. पुस्तकातला आकडा द्रवरूप पाण्याचा आहे, तुझा वाफेचा, आणि दोन्ही खरे आहेत.

हे ४४ तुला नवे नाहीत. दहावीत बाष्पनाचा अप्रकट उष्मा शिकलीस, ग्रॅममागे ५४० कॅलरी, तेच हे. तो १०० अंशाचा आकडा, मोलमागे साधारण ४०.७ किलोज्यूल. २५ अंशाला रेणूंना एकमेकांपासून सोडवायला थोडी जास्त ऊर्जा लागते, म्हणून ४४.

म्हणूनच समीकरणात सूत्रापुढे छोट्या कंसात वायू की द्रव हे लिहायचं असतं. मी शिकवत होते तेव्हा तो कंस राहिला की गुण कापायचे, मुलं कुरकुरायची. आजही कापेन. त्या कंसाला ४४ किलोज्यूलची किंमत आहे, आणि खालच्या तिन्ही पत्रांत सगळा घोळ तिथेच झालेला दिसेल.

२४२ किलोज्यूल म्हणजे किती, याचाही अंदाज हवा. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोठा चमचा भरून थोडं वर. तेवढ्या पाण्याची वाफ घटकांपासून तयार होताना निघालेली उष्णता एक लिटर पाणी ५८ अंशांनी तापवते. वाफेचं पाणी होईपर्यंत थांबलात तर ६८ अंशांनी. आणि त्यासाठी लागणारा दोन ग्रॅम हायड्रोजन खोलीच्या तापमानाला साडेचोवीस लिटर जागा व्यापतो. किलोमागे पाहावं तर एवढी उष्णता देणारं दुसरं कुठलंही नेहमीचं इंधन नाही, आणि लिटरमागे पाहावं तर हायड्रोजन वायू फारच विरळ. हायड्रोजनवर काम करणाऱ्यांची सगळी डोकेदुखी या दोन वाक्यांत आहे.

हा आकडा मोजला कसा? हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये बंद काचपात्रात ठिणगी टाकून दोन्ही वायू जुळवले आणि आतल्या काचेवर दव आलेलं पाहिलं. पाणी हे मूलद्रव्य नाही, हे कळायला त्या दवाने सुरुवात झाली. पॅरिसमध्ये लाव्हाझिए यांनी त्याचा नीट अर्थ लावला. उष्णतेचा आकडा पक्का व्हायला मात्र पुढचं दीड शतक गेलं. फ्रेडरिक रॉसिनी यांनी अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये कॅलरीमापीच्या, म्हणजे उष्णता मोजण्याच्या भांड्याच्या, आत हायड्रोजनची ज्योत जाळली, तयार झालेलं पाणी तोललं, आणि १९३१ मध्ये जो आकडा प्रसिद्ध केला तो २८६ ला इतका चिकटून होता की तू आज जो पाठ करतेस त्यात आणि त्यात दशांशाच्याच पातळीवर फरक आहे. ज्योतीच्या उष्णतेइतकंच पाण्याचं वजन काटेकोर घ्यायचं ही त्यांची पद्धत मला फार आवडते. वायूचं आकारमान तापमान-दाबाने फसवतं, तोललेलं पाणी फसवत नाही.

आता ठिणगी. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका बाटलीत खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं राहतील, काही होणार नाही. पलीकडे उतारच लागणार असला तरी आधी घाट चढावा लागतो, तसा इथे एक चढ आहे. पण सगळ्या रेणूंना तो स्वतःच्या जोरावर चढावा लागत नाही, म्हणून ६८५ एकदम मोजावे लागत नाहीत. ठिणगी थोडेसेच रेणू फोडते. त्यातला एखादा सुटा हायड्रोजन अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला की एक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेकच अणूची अर्धवट जोडी) आणि एक सुटा ऑक्सिजन अणू तयार होतो. एका अस्वस्थ कणाचे दोन झाले. हे दोन आणखी हायड्रोजनचे रेणू फोडतात, त्यातून पुन्हा सुटे हायड्रोजन अणू निघतात, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ही साखळी सगळ्या बाटलीभर पसरते. पहिल्या जुळण्यांतून निघालेली ऊर्जाच पुढच्या तुटण्यांचा खर्च भागवते. अशा साखळी अभिक्रियांच्या अभ्यासासाठी १९५६ चं रसायनशास्त्राचं नोबेल निकोलाय सेम्योनोव्ह आणि सिरिल हिन्शेलवूड यांना मिळालं. हिन्शेलवूड यांनी ऑक्सफर्डमध्ये हायड्रोजन-ऑक्सिजनची हीच अभिक्रिया तपासली होती. ठिणगीवाचूनही हे होतं बरं का. १८२३ मध्ये जर्मनीत येना इथे डोबरायनर यांनी हायड्रोजनची धार सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडली आणि ती आपोआप पेटली. उत्प्रेरक म्हणून धातू तेवढा हवा.

एक गोष्ट घरी करून बघ. स्टीलच्या पातेल्यात फ्रिजमधलं थंड पाणी घे, बाहेरची बाजू आणि बूड कोरडं पूस, गॅसवर ठेव आणि पंधरा-वीस सेकंदांत उचलून बाहेरून पाहा. ओलं झालेलं असेल. हवेतलं दमटपण थोडं असेल त्यात, पण बरंचसं पाणी ज्योतीतलं, त्या क्षणी नवीन तयार झालेलं. एलपीजीतही हायड्रोजन आहे ना. १४.२ किलोची टाकी संपते तेव्हा त्यातल्या हायड्रोजनपासून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होऊन स्वयंपाकघराच्या हवेत गेलेलं असतं.

*प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. घरात नवा गॅस बॉयलर बसवला. माहितीपत्रकात कार्यक्षमता १०८ टक्के लिहिली आहे. शंभराच्या वर कार्यक्षमता ही फसवणूक नाही का?*
*— एक वाचक, श्टुटगार्ट*

फसवणूक नाही. टक्केवारी कशाची काढली हे तिथे ठळक लिहिलेलं नसतं, एवढाच दोष.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक मोल मिथेन जळला की दोन मोल पाणी तयार होतं. ते वाफच राहिलं तर ८०२ किलोज्यूल मिळतात, द्रव झालं तर ८९०. फरक ८८, म्हणजे दोनदा ४४. कराडच्या मुलीचा आकडा तुमच्या तळघरात पोचला तो असा. युरोपात कार्यक्षमतेचा हिशेब बऱ्याचदा जुन्या रिवाजाने लहान आकड्यावर, म्हणजे ८०२ वर करतात. जुन्या बॉयलरांत वाफ धुराड्यातून वर जायची, तेव्हा तोच आकडा योग्य होता. तुमचा बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिचं पाणी करतो आणि ते ४४-४४ परत मिळवतो. ८९० भागिले ८०२ म्हणजे १११ टक्के ही त्याची वरची मर्यादा. १०८ त्याच्या आतच आहे. मोठ्या आकड्यावर हिशेब केला तर तुमचा बॉयलर ९७ टक्क्यांचा, आणि तेही उत्तमच आहे.

माहितीपत्रकात कदाचित लहान अक्षरांत असेल अशी एक गोष्ट मात्र सांगते. ही वाफ साधारण ५५ अंशांच्या खालीच द्रव होऊ लागते. रेडिएटरमधून बॉयलरकडे परतणारं पाणी ६५-७० अंशांचं असेल तर संघनन होणारच नाही आणि १०८ टक्के कागदावरच राहतील. पाण्याचं तापमान जेवढं कमी ठेवून घर उबदार राहतं, तेवढं ते कमी ठेवा. बॉयलरच्या खालच्या प्लास्टिकच्या नळीतून पाणी थेंब-थेंब येतंय का ते पाहा. येत असेल तर यंत्र आपलं काम करतंय. ते पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून नळी धातूची नसते. झाडांना घालू नका.

आपल्याकडे कोळशाची प्रत २०१२ पासून मोठ्या आकड्यावर, ग्रॉस कॅलरिफिक व्हॅल्यूवर, ठरते. त्यामुळे इकडच्या आणि तिकडच्या वीजकेंद्रांच्या कार्यक्षमतेची तुलना वर्तमानपत्रात वाचाल तेव्हा दोघांनी कोणता आकडा धरलाय ते आधी विचारा. कित्येकदा सगळा फरक तिथेच असतो.

*प्रश्न : नातू विचारतो, चांद्रयान नेणाऱ्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यातून धुराऐवजी वाफ निघते हे खरं का? आणि इतकं थंड इंधन वापरून इतका वेग कसा येतो?*
*— एक आजोबा, नाशिक*

खरं आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटचा सर्वात वरचा टप्पा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचा होता. त्यात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन, मिळून सुमारे २८ टन. इंजिनाचं नाव सीई-२०, आणि त्याच्या नळीतून बाहेर पडते ती मुख्यतः पाण्याची वाफ.

नातवाला हे गणित करायला सांगा, त्याला आवडेल. अठरा ग्रॅम वाफेला २४२ किलोज्यूल, म्हणजे किलोमागे १३.४ मेगाज्यूल. ही सगळी ऊर्जा वाफेला पळवण्यात गेली असं धरलं तर वेग येतो सेकंदाला ५.२ किलोमीटर. सीई-२० मधून वायू प्रत्यक्षात सुमारे ४.३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत याचंच मला कौतुक वाटतं. उष्णतेचं गतीत रूपांतर इतक्या प्रमाणात करणारी यंत्रं फार थोडी. इथे २८६ वापरायचे नाहीत. नळीतून निघताना ती वाफच असते, द्रव व्हायला तिला सवड नसते. इंधन थंड असल्याने थोडीशी ऊर्जा ते तापवण्यात जाते, पण २४२ पुढे ती किरकोळ. थंड ठेवायचं कारण वेगळं आहे, वायू टाकीत मावत नाही म्हणून त्याचा द्रव करतात.

मोठ्या मुलांसाठी आणखी थोडं. हायड्रोजन पुरता जाळायचा तर एक किलोला आठ किलो ऑक्सिजन लागतो. सीई-२० मध्ये तो मुद्दाम कमी, एकास सुमारे पाच असा घेतात. न जळलेला हायड्रोजन फार हलका असल्याने बाहेर पडणाऱ्या वायूचा सरासरी रेणू हलका होतो आणि वेग वाढतो. शिवाय इंजिनाच्या भिंतींवरचा ताप कमी होतो. थोडं इंधन न जाळता सोडून दिल्यावर रॉकेट जास्त चांगलं पळतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते.

*प्रश्न : माझ्या भावाची माल वाहतुकीची पिकअप गाडी आहे. पाण्यापासून हायड्रोजन करून इंजिनाला देणारं 'एचएचओ किट' बसवलं की डिझेल तीस टक्के वाचतं असं सांगून एकाने त्याला ते विकलं. वीज गाडीच्याच बॅटरीतून घेतात. पुण्यात हायड्रोजनवर बस चालते, मग हे का चालणार नाही, असं तो म्हणतो.*
*— एक वाचक, मिरज*

भावाला माझं हे उत्तर वाचून दाखवा. त्याचे पैसे गेले याचं मला वाईट वाटतं. कष्टाने गाडी चालवणाऱ्या माणसाला विज्ञानाचे शब्द वापरून लुबाडणं हा मी गुन्हाच समजते.

बाटलीत असतं द्रव पाणी. ते फोडायला मोलमागे निदान २८६ किलोज्यूल जातात, प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण किट गरम होतं आणि ती उष्णता वाया जाते. तयार झालेला वायू इंजिनात जळतो आणि सायलेन्सरमधून वाफ होऊन बाहेर पडतो. म्हणजे परत येणार २४२. सुरुवातीलाच ४४ चा तोटा. त्या २४२ पैकी चाकांपर्यंत पोचणारा भाग साधारण चौथा-तिसरा, उरलेली उष्णता रेडिएटर आणि धुरातून जाते. त्यातून अल्टरनेटर फिरवून पुन्हा वीज करायची, तिथेही मोठी गळती. २८६ घालून पुन्हा विजेच्या रूपात हातात येतात ते चाळीस-पन्नासच. उरलेली भर कोण घालतं? डिझेल. भावाची गाडी किट बसवल्यावर जास्त डिझेल खाते, कमी नाही.

वॅटमध्ये पाहिलं तर आणखी स्पष्ट होईल. किट बारा व्होल्टवर दहा अँपिअर घेत असेल तर झाले १२० वॅट. पिकअपला साध्या सपाट रस्त्यावर पळायला दहा-पंधरा हजार वॅट लागतात. शंभरात जेमतेम एक भाग, तर त्यातून तीस टक्के बचत कशी होणार? अमेरिकेत ओहायो राज्यात स्टॅन्ली मेयर नावाच्या माणसाने पाण्यावर चालणारी बग्गी म्हणून लोकांचे पैसे घेतले होते. १९९६ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले.

पुण्याची बस खरी आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी बनवलेली ती बस ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसमोर आली. पण ती पाण्यावर चालत नाही. तिच्यात हायड्रोजन भरून आणावा लागतो, आणि फ्यूएल सेलमध्ये ज्योतीशिवाय त्याची वीज होते. तो हायड्रोजन पाण्यापासून कुठेतरी बाहेर करायचा तर किलोमागे कमीत कमी ३९.४ युनिट ऊर्जा लागते, प्रत्यक्षात पन्नासच्या वर युनिट वीज. ती वीज सौर किंवा पवनचक्कीची असेल तर या सगळ्याला अर्थ आहे, आणि मला त्या कामाबद्दल मनापासून आशा वाटते. बसमध्ये हायड्रोजन ऊर्जा वाहून नेतो. भावाच्या बाटलीतलं पाणी म्हणजे तोच हायड्रोजन आधीच जळून गेल्यावर उरलेला पदार्थ. त्याच्याकडे देण्यासारखं काही राहिलेलं नाही.

आता किटचं काय करायचं ते. त्यात दोन्ही वायू पेटण्याला अगदी योग्य त्या प्रमाणात मिसळलेले तयार होतात, आणि अशा मिश्रणाला अगदी बारीक ठिणगीही पुरते. वर सांगितलेली साखळी बॉनेटच्या आत घडायला नको. आधी बॅटरीची वायर काढा. मग गाडी उघड्यावर उभी करून, बॉनेट वर करून, बाटलीचं झाकण सैल करून ठेवा. आसपास कुणी विडी-सिगारेट ओढायची नाही, दिवा लावायचा नाही. तासाभराने नळ्या सोडवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण बाटलीतलं पाणी साधं नसतं. त्यात बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा कॉस्टिक सोडा असतो, कातडी आणि डोळे जाळणारा. ते भरपूर पाण्यात विरळ करून मगच टाका. इंजिनाच्या हवेच्या पाइपला पाडलेलं भोक मेकॅनिककडून नीट बंद करून घ्या, नाहीतर तिथून धूळ आत जाऊन इंजिन खराब होईल. आणि विकणाऱ्याकडून मिळालेली पावती असेल तर जपून ठेवा, ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला ती लागेल.